तेवीस जीबी गेले कुठे?

"ताई, हे बघा, एकच फोल्डर दोनदा! नऊशे जीबी इथे, नऊशे जीबी तिथे. एक उडवतो, मग जागाच जागा."

झाडू हे बोलला तेव्हा त्याचं बोट एंटरच्या बटणावर होतं. मी हातातला कप टेबलावर आपटला आणि त्याची खुर्ची त्याच्यासकट मागे ओढली. खुर्चीला चाकं होती म्हणून निभावलं.

"हात लावशील तर याद राख!"

झाडू माझ्याच वयाचा, नोकरीतही माझ्याइतकाच जुना. डिस्क भरली की काहीतरी पुसायचं, हा एकच उपाय त्याला ठाऊक, म्हणून त्याला ते नाव पडलं. आमचा स्टुडिओ पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो, ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी. तिथली मशीनं आम्ही दोघं सांभाळतो. त्या सकाळी रेकॉर्डिंगचं मशीन ठप्प झालं होतं. डिस्क भरली, एवढंच म्हणत होतं. साडेदहाला वाचक माणसं येणार होती आणि नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"अरे शहाण्या, ती दोन फोल्डरं नाहीत," मी म्हटलं. "एकाच खोलीला दोन दारं आहेत. मशीनमधलं हे रूट पार्टिशन, जिथे सिस्टीम राहते, ते आहे अवघं चाळीस जीबीचं. त्यात नऊशे मावतील कसे? पिंपात विहीर ओतलीस का कधी?"

"मग दिसतंय ते काय?"

"सगळी रेकॉर्डिंग मोठ्या डिस्कवर आहेत, कोठारात. पण आपलं सॉफ्टवेअर जुनं आणि हट्टी. त्याला रूटवरचं 'ध्वनी' फोल्डरच लागतं. म्हणून कोठारातलं फोल्डर मी त्या जागी बाइंड माउंट केलंय. दिसतं रूटवर, जागा खातं कोठारात. या दाराने जाऊन पुसलं असतंस ना, तर त्या दाराने रिकामी खोली दिसली असती. बारा वर्षांची पुस्तकं!"

झाडूने हात मांडीखाली घालून ठेवले, शाळेतल्यासारखे.

तेवढ्यात मॅडम आल्या. स्टुडिओ त्यांचा. "मला ते फोल्डर-बिल्डर सांगू नका," त्या म्हणाल्या. "साडेदहाला माणसं माइकपुढे बसलेली हवीत."

"रूट सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाकू," झाडू म्हणाला. "रेकॉर्डिंग कोठारात आहेत, त्यांना धक्का लागत नाही. पाऊण तासाचं काम."

मला त्यात खोट काढता येईना. मीच हो म्हटलं, हे आधीच सांगून टाकते.

काचेपलीकडच्या खोलीत दादा बसला होता. माझा सख्खा मोठा भाऊ, इथला रेकॉर्डिस्ट. काचेतून मी दिसले की तो वायरी गुंडाळायला लागायचा. दीड महिना त्याच वायरी गुंडाळत होता.

दीड महिन्यापूर्वी वहिनीच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढणार हे ठरलेलं होतं. वहिनी गणिताची शिक्षिका. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंतच काय, पलीकडच्या वर्गातही जायचा. तिची वाक्यं रेकॉर्ड करून घेतली तर पुढे टॅब्लेट तिच्याच आवाजात बोलू शकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनआधीचे तीन दिवस स्टुडिओला सुट्टी होती. मॅडमनी चावी दिली. दादाने तिला माइकपुढे बसवून अठराशे वाक्यं म्हणवून घेतली.

चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि पाचव्या दिवशी कळलं की त्या तीन दिवसांचं काहीच नाही. एकही फाइल नाही. कोठार मी दोन रात्री उलटंपालटं केलं, पुसलेलं परत आणायची सगळी हत्यारं चालवली. छे! दादा म्हणत राहिला, "अगं बये, मी रोज लावून ऐकलं होतं." आणि मी, डोकं फिरलेलं, दवाखान्याच्या जिन्यात त्याला म्हणाले, "स्वप्नात ऐकलं असशील. सेव्ह करायलाच विसरलास तू." त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. वाईट म्हणजे, हळूहळू त्यालाही ते खरं वाटायला लागलं.

वहिनीच्या टॅब्लेटमध्ये आता कुणा परक्या बाईचा आवाज आहे. तो ती कधीच लावत नाही. ती टिचकी वाजवते, टेबलावर, भांड्यावर, फोनवर. एक टिचकी म्हणजे नाही, दोन म्हणजे हो. एवढं बोलणारी बाई दोन शब्दांवर आली, आणि घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही.

असो. झाडूने पेन ड्राइव्ह लावला. फक्त मशीन रीस्टार्ट करायचं राहिलं होतं. पण मला एक गोष्ट खुपत होती. रूटवर अडतीस जीबी वापरलेत, असं पार्टिशन सांगत होतं; उरलेले दोन सिस्टीम स्वतःसाठी राखून ठेवते. मी स्वतः रूटवरची फोल्डरं एकेक करून मोजली, तर भरत होते पंधरा. मग तेवीस जीबी गेले कुठे?

"जाऊ द्या ना ताई. तसंही पुसायचंच आहे."

"हिशेब लागल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, माहितीये ना तुला?"

"साडेनऊ," मॅडम दारातून म्हणाल्या.

मी नव्या सिस्टीममध्ये माउंटच्या ओळी परत लिहाव्या लागणार म्हणून त्या कागदावर उतरवून घ्यायला लागले. कोठार कुठे जोडायचं, ध्वनी कुठे. दोन्ही ओळींच्या शेवटी माझ्याच हातचा एक शब्द होता, नोफेल. डिस्क नाही सापडली तरी मशीनने अडून बसू नये, तसंच चालू व्हावं, म्हणून घातलेला. दोन वर्षांपूर्वी तो घालताना मी स्वतःची पाठ थोपटली होती.

पेन कागदावरच थांबलं.

त्या तीन दिवसांच्या आदल्या संध्याकाळी वीज गेली होती. सकाळी मशीन आपोआप चालू झालं असणार. आणि तेव्हा कोठार सापडलंच नसेल तर? मशीनने तक्रार केली नसती. मीच त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं. मग ध्वनी हे रूटवरचं साधं रिकामं फोल्डर उरलं असतं, आणि सॉफ्टवेअरने मुकाट्याने त्यातच लिहिलं असतं. दादाने रोज लावून ऐकलंही असतं.

आणि ऑपरेशनच्या सकाळचा फोन! "मशीन काहीतरी वेड्यासारखं करतंय गं," सुट्टी संपली म्हणून स्टुडिओ उघडून द्यायला गेलेला दादा म्हणाला होता. मी दवाखान्यात फॉर्म भरत होते. त्याचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "बंद करून चालू कर, आणि आज डोकं नको खाऊस." त्याने केलं. कोठार जोडलं गेलं आणि त्याचं फोल्डर वरून अंथरलं गेलं, भरल्या टेबलावर चादर टाकावी तसं. खालचं कुठे जात नाही. दिसत नाही, मोजताही येत नाही, जागा मात्र अडवून बसतं.

"झाडू, पेन ड्राइव्ह काढ."

"अहो पण..."

"काढ म्हणते ना!"

"काय चाललंय?" मॅडम आत आल्या. "वीस मिनिटं वाया गेली. तुम्हीच हो म्हणालात."

"मॅडम, दहा मिनिटं द्या. नाही सापडलं तर मी स्वतः पुसते आणि राजीनामाही देते."

"राजीनाम्याचं मी काय करू? दहा मिनिटं."

चादर ओढायची तर कोठार सोडवायला हवं. ते कुठल्या तरी प्रोग्रामने धरून ठेवलं होतं, सुटेना. मग सुचलं. ज्या बाइंडने झाकलं, त्यानेच बघता येतं. अख्खं रूट मी दुसऱ्या एका रिकाम्या फोल्डरवर बाइंड केलं. असं केलं की फक्त रूटचं स्वतःचं दिसतं, वर अंथरलेलं येत नाही. दोनदा स्पेलिंग चुकलं. झाडू मागून एकेक अक्षर बघत होता. तिसऱ्यांदा कमांड गेली. नव्या दाराने ध्वनीमध्ये शिरले आणि यादी मागवली.

यादी संपेचना. अठराशे फाइली. तारखा त्याच तीन दिवसांच्या.

"आई गं," झाडू म्हणाला. "आपण हे पुसणार होतो."

"आपण नाही. मी." मी कॉपी लावली, कोठारात. टक्के सरकत होते आणि मी खुर्चीच्या कडेला बसून होते. मॅडमनी घड्याळ बघणं सोडून दिलं. कॉपी झाली, दोन्हीकडच्या फाइली जुळवून बघितल्या, जुळल्या. तेव्हा कुठे मी काचेवर टकटक केली.

दादा आला तो वायरीसकट. "काय?" एवढंच म्हणाला.

मी पहिली फाइल लावली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, मग खाकरणं, आणि मग वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज.

"अहो, लाल दिवा लागलाय ना नक्की? नाहीतर उद्या म्हणाल, परत म्हण."

"लागलाय गं बाई. मी रोज लावून ऐकणार आहे."

"बघा हं. वाक्य पहिलं. दार उघडंच आहे, आत या."

दादाच्या हातातली वायर खाली पडली. तो स्पीकरकडे बघत राहिला. "मी ऐकलं होतं," तो म्हणाला. अगदी हळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं.

"ऐकलं होतंस. माती मी खाल्ली." मला रडू फुटलं, आणि ते मी लपवलं नाही.

दादाने खिशातून फोन काढून घरी लावला. वहिनीने उचलला. तिच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे आपणच बोलायचं.

"अगं, ऐकू येतंय का?"

दोन टिचक्या.

त्याने फोन स्पीकरजवळ धरला आणि मी फाइल पहिल्यापासून लावली. लाल दिवा, परत म्हण, दार उघडंच आहे. संपली. पलीकडून काहीच नाही. दादाने फोन कानाला लावला, परत काढून हातात धरला. मला राहवेना.

"वहिनी, याने सगळं नीट केलं होतं. चूक पहिल्यापासून माझीच होती. बिचाऱ्याला मी उगाच बोलले."

लगेच दोन टिचक्या आल्या, खणखणीत. दादा दीड महिन्यात पहिल्यांदा हसला. मग पुन्हा दोन आल्या, मग आणखी दोन, मग नुसत्याच टिचक्या, एकीत दुसरी मिसळलेल्या, आणि आम्ही कुणी मोजल्या नाहीत.