शिलेदाराची तपासणी

नाथाच्या कोशा वळूवर नजर गेली की चिमाजीच्या पोटात दुखायला लागायचं. डोंगरावरच्या वस्तीतला मेंढ्या राखणारा हा नाथा दिवाळीनंतर वळू घेऊन भाटघरला उतरला काय, अन् गावच्या गाई त्याच्या दारी जाऊ लागल्या काय! सात वर्षं गावचा वळू म्हणजे चिमाजीचा शिलेदार. बेंदराच्या सणाला बैलांच्या मिरवणुकीत तोच पुढं. यंदा मात्र लोक म्हणत होते, कोशाला पुढं घ्या.

"कोशा नुस्ता दिसायला," चिमाजी पारावर सांगत सुटला. "गाई उलटत्यात त्याच्याकडनं, गाभणच ऱ्हात न्हाईत. आमची हौशी बघा, शिलेदाराची गाभण हाय, पाचवा म्हैना!" नाथा तिथंच तंबाखू मळत बसलेला असायचा. हसायचा, पण बोलायचा नाही. ते हसणं चिमाजीला मिरचीसारखं झोंबायचं.

शेवटी त्यानंच जनावरांच्या डॉक्टर प्रेरणाबाईंना बोलावलं. दोन्ही वळू तपासायचे, पास होईल तो मिरवणुकीत पुढं.

दोन्ही वळू एकामागून एक लाकडी खोड्यात अडकवून घेतले. बाईंनी पाय पाहिले, डोळे पाहिले, टेपनं अंडकोषाचा घेर मोजला. शिलेदाराचा घेर जास्त भरला तेव्हा चिमाजीनं मिशीला पीळ दिला. मग वीर्याचा थेंब काचेवर घेऊन बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. कोशाचा पाहून "छान" म्हणाल्या. शिलेदाराचा तीनदा पाहिला.

"काका, ह्यात जिवंत काही नाही. घेर भरलाय तो सुजेनं. जुना मार दिसतोय, वर्ष तरी झालं असेल. दोन महिन्यांनी परत बघू, पण आशा धरू नका."

"खोटं! मग हौशी गाभण कशी?"

त्याच्या बायकोनं, चंद्राबाईनं, डोक्यावरचा वैरणीचा भारा खाली टाकला.

"म्या न्हेली व्हती नाथाभावजींच्या दारी. तुमी नसरापूरच्या बाजाराला गेलावता तवा. शिलेदाराकडनं तीनदा उलटली व्हती बिचारी. भावजींस्नी म्हनलं, ह्यांना सांगू नगा."

चिमाजीनं नाथाकडं पाहिलं. पाच महिने हा माणूस पारावर त्याच्या थापा ऐकत होता. एक शब्द बोलला असता तर चिमाजीला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. वळू सरस निघाला, ते एक वेळ पचलं असतं. पण माणूसही सरस निघावा? चिमाजीचा जळून कोळसा झाला.

बेंदराला कोशाच्या शिंगांना लाल हिंगूळ चिमाजीनंच लावला. गावानंच तसं सांगितलं होतं. लावताना अर्धा हिंगूळ नाथाच्या कोऱ्या धोतरावर सांडला. मुद्दाम नाही सांडला, असं तो अजून सांगतो.