विमा एजंट आणि तपकीर

सत्त्याण्णव साली नीलिमा पुण्याहून बंगळुरात नोकरीला आली आणि जयनगरात नरसिंहरावांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहू लागली. नरसिंहराव आणि त्यांची बायको अनुसूया, दोघंच खाली राहत. कित्येक पिढ्यांपासून इथलंच मराठी घर. चिकपेठेतलं कापडाचं दुकान मुलांच्या हवाली करून नरसिंहराव आता दिवसभर व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसत.

तिथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात मराठी पुस्तकांची दोनच कपाटं होती. एका रविवारी तिथं नीलिमाला एक विनोदी कादंबरी मिळाली. कुंभोजकर नावाचा विमा एजंट सरकारी इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकतो आणि दार उघडतं ते तीनशे वर्षं मागं, एका सरदाराच्या छावणीत. दुसऱ्या दिवशी लढाई. कुंभोजकर सवयीनं विमा विकायला लागतो.

"मी मेल्यावर पैसे मला मिळणार?" एक शिपाई विचारतो.

"तुम्हाला नाही, बायकोला."

"मग हप्ता मी कशाला भरू? मला मारणार तो गनीम. त्याच्याकडून घे."

आणि कुंभोजकर खरोखरच पिशवी काखोटीला मारून गनिमाच्या गोटात जातो.

नीलिमा खोलीत एकटीच मोठ्यानं हसली आणि तिनं पान उलटलं. पुढच्या पानाच्या कोपऱ्यावर तपकिरी रंगाचा, वाळलेला, किंचित चकाकणारा ठसा होता. तिचं बोट नेमकं त्याच्यावर पडलं. तिनं हात धुतला. पुढच्या पानावर तसाच ठसा. त्याच्यापुढच्या पानावर मजकुरावर बारीक शिंतोडे होते, आणि एका शिंतोड्यात एक केस चिकटलेला होता. हा चहा नव्हता, आमटी नव्हती. कुणीतरी तपकीर ओढून या पुस्तकावर शिंकलं होतं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली होती, आणि जिथं जिथं विनोद चांगला तिथं तिथं जास्त शिंकलं होतं.

सोमवारी ती कंपनीच्या बसमध्ये पुस्तक घेऊन बसली. इलेक्ट्रॉनिक सिटी येईपर्यंत कागदी रुमालानं पानाची कड धरून वाचत राहिली. शेजारी अद्वैत बसायचा. तोही पुण्याचा, तिच्याच टीममधला.

"हे काय गं? शी! फेकून दे ना."

"नाही फेकवत. त्यानं आता दोन्ही फौजांचा विमा उतरवलाय. लढाई झाली तर हा कंगाल होणार. आता लढाई थांबवायला धावतोय."

"आणि तो डाग?"

"बोलू नकोस त्याविषयी."

ती हसायची आणि लगेच ओठ घट्ट मिटून घ्यायची. वाचताना श्वास तोंडानं घ्यायचा की नाकानं, हेच तिला ठरवता येईना.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नरसिंहराव व्हरांड्यात होते. तिच्या हातातलं पुस्तक पाहून त्यांचे डोळे चमकले.

"अरे वा! कुठंपर्यंत आलीस? गोटात गेला का तो?" त्यांनी कनवटीची डबी काढली, चिमूटभर तपकीर दोन्ही नाकपुड्यांत कोंबली, तेच बोट जिभेला लावलं आणि पुस्तकाकडं हात केला. "दे की स्वल्प इकडं, तुला एक जागा दाखवतो."

नीलिमा एकदम मागं सरली. याच हातांनी त्यांनी गेल्या शुक्रवारी तिला पानात चित्रान्नाचा भात वाढला होता. आग्रह करून, दोनदा.

"काका, हे डाग तुमचे आहेत?"

"कसले डाग?"

तिनं पान उघडून दूर धरलं. नरसिंहरावांनी चष्मा पुढं ओढून पाहिलं. "हां. हसू आलं की शिंक येते मला. काय करणार?"

"दुसऱ्यांनाही वाचायचं असतं ना! मला ओकारी आली काका. रोज येतेय."

आतून अनुसूयाबाई म्हणाल्या, "बरं झालं बोललीस. मी सांगून थकले. वेगळी उशी देते यांना."

नरसिंहरावांचा चेहरा उतरला. त्यांनी डबी परत कनवटीला लावली. नीलिमाला वाईट वाटलं, पण किळस त्याहून मोठी होती. ती वर निघून गेली.

शेवटचं प्रकरण उघडायला गेली तर पानंच उघडेनात. सात-आठ पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. तिनं पातेल्यात पाणी उकळलं आणि पुस्तक वाफेवर धरलं. पानं सुटली नाहीत, वास तेवढा सुटला: जुनी तंबाखू, आंबूस, ओली. तो सगळ्या खोलीत भरला. तिनं जोर लावला तेव्हा कागद मधोमध फाटला आणि कुंभोजकर दोन फौजांच्या मधोमध हात वर करून उभा राहिला तिथंच गोष्ट तुटली. नीलिमा मोरीकडं धावली.

तोंड धुऊन झाल्यावर तिला रडूच आलं. दुसरी प्रत मंडळात नव्हती. शेवट माहीत असलेला एकच माणूस खाली बसला होता.

ती उतरली. व्हरांड्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, ओढणी नाकाला लावून बसली.

"काका, लढाई कशी थांबवतो तो?"

नरसिंहरावांनी तिच्याकडं पाहिलं. "सांगतो. डबी काढत नाही, सरी? चालेल ना?"

ते उठून उभे राहिले. छाती पुढं काढून सरदार झाले, खांदे पाडून एजंट झाले. कुंभोजकर दोन्हीकडं जाहीर करतो, वैद्यकीय तपासणीशिवाय विमा लागू नाही, आणि तपासणी उपाशीपोटी. दोन्ही फौजा वैद्यापुढं जीभ काढून रांगेत. रांगेत कोण पुढं यावरून दोन्हीकडच्या शिपायांची गाठ पडते, ओळखी निघतात, सोयरिकी ठरतात. वैद्य एकटाच. रांग संपेपर्यंत पेरणीचे दिवस येतात आणि सगळे आपापल्या गावी निघून जातात.

नरसिंहरावांनी उपाशी सरदाराची जीभ बाहेर काढून दाखवली. ती पिवळट तपकिरी होती. नीलिमानं डोळे मिटले. तरी हसू आवरेना. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. नरसिंहरावही हसले आणि त्यांना डबीवाचूनच शिंक आली. ती उडी मारून फाटकापर्यंत गेली.

मंडळाला तिनं पुस्तकाची किंमत भरून दिली. नरसिंहराव आता नवीन पुस्तक आणलं की आधी वर पाठवतात, आणि नीलिमा वाचून झाल्यावर खाली येऊन त्यांच्याशी तासभर त्यावर बोलते, त्याच खालच्या पायरीवर बसून. त्या घरात मात्र ती पुन्हा कधी जेवली नाही.

दसऱ्याला अनुसूयाबाईंनी डबाभर होळिगे वर पाठवल्या. पुरण नरसिंहरावांनी वाटलंय, असा निरोपही पाठवला. नीलिमानं डबा ऑफिसात नेला. अद्वैतनं चार खाल्ल्या. "काय चव आहे गं! तू घेत नाहीस?"

"मला गोड आवडत नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.