अहिल्याबाईंनी सांगितलेली मॅच

अहिल्याबाईंनी खुर्ची पलंगाला भिडवली, गळ्यातला लाल मफलर काढून नवऱ्याच्या उशाशी ठेवला आणि पदरानं कपाळ पुसलं. संध्याकाळ उलटली तरी श्टुटगार्टच्या त्या हॉस्पिटलच्या खिडकीत लख्ख ऊन होतं.

"आलीस?" आत्मारामांनी डोळे उघडले. एवढं बोलूनच धाप लागली.

सकाळी डॉक्टरांनी हृषिकेशला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदय पार थकलंय, आता आज की उद्या. हृषिकेशनं आईला सांगितलं, आणि बापाला न सांगताच कळलं. तरी फुटबॉल वर्ल्ड कपचं तिकीट वाया घालवायला म्हातारा तयार होईना. इथंच जवळ गेर्लिंगेनला नोकरी करणाऱ्या लेकानं हौसेनं काढलेलं तिकीट ते.

"जन्मभर मी बघून आलो नि तुला सांगितलं," ते म्हणाले होते. "आज तू बघून ये. मी ऐकतो."

खरंच होतं ते. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या तेव्हा टीव्ही कुणी ऐकलाही नव्हता, आणि सुनांनी मैदानावर जायची तर सोयच नव्हती. पेठेच्या तालमीच्या फुटबॉल टीमची मॅच असली की आत्माराम धुळीनं माखून यायचे, चुलीपुढं पाटावर बसायचे आणि पहिल्या किकपासून सगळी मॅच सांगायचे. तव्यावर भाकरी करपायची. एकही मॅच न बघता ही बाई पक्की फुटबॉलवेडी झाली ती अशी. गल्लीतल्या आरडाओरड्यावरून निकाल आधीच कळलेला असायचा. पण नवरा दारात आला की त्या मुद्दाम विचारायच्या, काय झालं हो?

"काय झालं गं?" आत्मारामांनी विचारलं.

शेजारच्या रिकाम्या पलंगासमोरचा टीव्ही आवाज बंद करून चालूच होता. संपलेल्या मॅचचे तुकडे दाखवत होते. कोपऱ्यात शून्य-शून्य. अहिल्याबाईंनी ते पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. आणि सुरुवात केली.

"काय सांगू तुम्हाला! फ्रान्सवाले मोठे नावाचे, पण स्विस पोरांनी त्यांना चेंडूचा वास लागू दिला नाही. उजवीकडनं एक उंच पोरगा निघाला. एकाला चकवलं, दुसऱ्याला लोळवलं..."

"आणि?"

"आणि काय! मारला की! गोली नुसता बघत राहिला!"

"आई, आल्झो, म्हणजे, गोल तर..." दारात उभा हृषिकेश बोलला. आत्मारामांनी चादरीवरचं एक बोट उचललं.

"गप रे. डोळ्यापुढं येतंय माझ्या."

अहिल्याबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. खरं म्हणजे त्यांना मॅच धड दिसलीच नव्हती. अर्धा वेळ त्या उन्हात बसून रडत होत्या. शेजारच्या स्विस बाईला वाटलं, म्हातारी आपल्याच टीमसाठी जीव टाकतेय. तिनं आपला मफलर काढून यांच्या गळ्यात घातला होता.

फ्रान्सनं गोल फेडला. स्विसनी दुसरा चढवला. प्रत्येक वेळी पलंगावरून "आणि?" यायचं, आधीपेक्षा हळू. हातातली बोटं गार पडत चालली होती. हृषिकेशनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"संपली का गं?"

"छे, इतक्यात कुठली!" अहिल्याबाई म्हणाल्या. "पंच नुसता घड्याळ बघतोय. कॉर्नर मिळालाय आपल्याला. सगळी पोरं पुढं आलीत, गोलीसुद्धा. लोक उभे राहिलेत, अहो, मलाही उभं राहावं लागलं..."

या वेळी पलंगावरून काही आलं नाही. हृषिकेश नर्सला बोलवायला धावला.

अहिल्याबाईंनी आवाज थोडा चढवला आणि पुढं सांगू लागल्या.