गुडाखू

भादव्याचं ऊन चिखलातून वर येतं तेव्हा माणसाला खालून भाजतं. उरल्याच्या कारखान्यांच्या चिमण्यांची काजळी धानावर बसलेली. पाती पुसली की बोटं काळी. अशा रानात आम्ही चौघं निंदण करत होतो. कुमुदकाकू, तिचा लेक शेखर, सून चित्रा आणि शेजारीण म्हणून मी.

शेखर मधेच बांधावर गेला नि भडभडून ओकला.

“पाणी पी रे पोट्ट्या,” काकू म्हणाली. “माह्याकडे काहून पाहून राहिला?”

“तुह्याही हाताले कंप सुटला, आई.”

“मी बरी आहो.”

सौदा त्या दोघांचा होता. शेखर उरल्याला लोखंडाच्या भट्टीवर कामाला. अंग ठणकतं म्हणून गोळी घेऊ लागला, मग गोळीवाचून अंग उठेना. परवा गोळीच्या गुंगीत भट्टीजवळ तोल गेला. सोबत्यानं कॉलर धरून ओढला म्हणून जिता घरी आला. गोळी सोड म्हणून काकूनं लेकाचे पाय धरले. तो म्हणाला, “तू गुडाखू सोड, मी गोळी सोडतो.”

गुडाखू म्हणजे तंबाखू नि गुळाचा काळा लगदा. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बाया उठल्या की तो बोटानं दातांवर घासतात, जेवल्या की घासतात, निजताना घासतात. त्याला कोणी नशा म्हणत नाही. दात घासणं म्हणतात. काकू हसली होती. “एवढंच? सोडली, जाय!”

कालचा दिवस दोघांनी कसाबसा काढला. चित्राचा जीव हलका झाला होता. “मायलेकाची शर्यत लागली, बापा,” ती मला म्हणाली.

“तोंड कमी चालव, हात चालव,” काकू खेकसली. तिचं डोकं फुटत होतं. गवतासोबत धानही उपटत होती.

“काकू, धान चाललं.”

“दिसते मले!” तिनं मूठ फेकली. “आलीच मी.” आणि कालव्याकडच्या बेशरमाच्या झुडपाआड गेली. बाई तिकडं गेली की कोणी मान वळवत नाही.

शेखर मात्र वरच्या अंगानं कालव्यावर तोंड धुवायला गेला. मी कळशी घेऊन त्याच्यामागं.

काकू उकिडवी बसलेली. मांडीवर डबी, बोट गालफडात. डोळे मिटलेले, लेकराला पाजताना मिटतात तसे.

“आई.”

तिनं डोळे उघडले. लाळ सांडू नये म्हणून मान वर करून म्हणाली, “दात घासून राहिली रे. हे काय नशा होय?”

“नाही ना,” शेखर म्हणाला. “माहीबी अंगदुखीचीच गोळी होती.”

“बाबू, बोटभरच...”

“रहने दे, आई. घास.”

आवाज चढला नाही त्याचा. चढला असता तर बरं झालं असतं. त्यानं पाय धुतले, चप्पल घातली, सडकेकडे निघाला.

“कुठं चालला रे?” मी विचारलं.

“ड्यूटीवर.”

त्याची पाळी उद्या होती.

काकू धडपडत उठली. तिला हाक मारायची होती, पण तोंड काळ्या लाळेनं भरलेलं. दोन्ही हात हलवत ती नुसती ऊं ऊं करत राहिली. थुंकून तिनं “शेखर!” म्हटलं, तोवर सळ्यांच्या ट्रकनं त्याला वर घेतलं होतं. धूळ उडाली, आणि त्या धुळीत उरल्याची वाटही दिसेना.

चित्रा धावत आली. “आई, हे कुठं गेले?”

काकू गुडघाभर पाण्यात उतरली होती. चूळ भरी, थुंके, पुन्हा भरी.

“आई, बोला ना! कुठं गेले हे?”

काकूनं आणखी एक चूळ तोंडात घेतली आणि ती थुंकलीच नाही.