सतरा तुकडे

सतरा तुकडे कचऱ्याच्या निळ्या पिंपात गेले होते आणि त्यातला एकूण एक तिने स्वतःच्या हाताने टाकला होता. हे तिच्या लक्षात आलं पाचव्या वर्षी, प्रबंधाच्या अखेरच्या सादरीकरणाला चार दिवस उरले असताना.

तिचा प्रश्न सांगायला सोपा होता. धुराड्यांतला कार्बन डायऑक्साइड आणि पुढे वापरायचा हायड्रोजन जमिनीखाली किलोमीटरभर खोल, खारट पाण्याने भिजलेल्या वालुकाश्मात कोंबला, तर त्याच्यावरचा चिकणमातीचा खडक झाकणासारखा तो धरून ठेवील का? बोअर घेताना वर आलेल्या दगडी कांडीतून बोटाएवढे तुकडे कापून घ्यायचे, पोलादी नळीत रबराच्या खोळीत घट्ट बसवायचे, एका बाजूने वायूचा दाब द्यायचा आणि दुसऱ्या बाजूने काही बाहेर येतं का, ते दिवसचे दिवस बघत बसायचं. एक्केचाळीस तुकडे झाले, एकातूनही काही बाहेर आलं नाही. आई फोनवर म्हणायची, "शेजारणीच्या लेकीची दोन बाळंतपणं झाली, तुझा दगड काही हलेना. आणि जमिनीतल्या गॅसचं बघतेस, माझ्या पोटातल्या गॅसचं कोण बघणार गं?"

त्या दिवशी ती दगडांच्या कोठारात गेली ती एक जादा तुकडा मागायला. कोठार सांभाळणारे आणि दगड कापून देणारे काका चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"नऊशे बारा मीटर खोलीचा एक द्या ना, काका. तिथली चाचणी राहिलीच आहे."

"राहणारच. तिथला कधी आख्खा निघालाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिथलं तुटतंच. नऊशे अकराचा काप, लोण्यासारखा निघतो. पंधराचाही तसाच. मधलं मात्र पातं लागलं की गेलं."

"मग हे मला सांगितलं का नाही?"

काकांनी तुटलेल्या तुकड्यांची नोंदवही काढली. वही पुढे सरकवली. सतरा ओळी होत्या. बारा, साडेबारा, तेरा, पुन्हा तेरा. शेवटच्या रकान्यात कारण, तिच्याच अक्षरात: कापणाऱ्याची चूक. सतरा वेळा. आणि पुढे तिची सही.

"दुसऱ्या वर्षी सांगितलं होतं," काका म्हणाले. "तू म्हणालीस, काका, तुमचा हात थरथरतो. मग पातं बदलायला लावलंस, तीनदा. दगड बोलत नाहीत ते बरंय पोरी, नाहीतर निम्म्यांच्या पदव्या परत मागवाव्या लागल्या असत्या."

प्रयोगशाळेचा रिवाजच होता तो. तुटका तुकडा खोळीत बसत नाही, बसत नाही त्याचं मोजमाप होत नाही, आणि मोजमाप होत नाही तो पिंपात. तिच्या आधीच्या सगळ्यांनी हेच केलं होतं. फुटक्या मडक्याची खापरं फेकून द्यायची आणि उरलेला काठ वाजवून मडकं पक्कं आहे म्हणायचं! ते तडे खाली खडकातच होते की कांडी वर आणताना पडले, हे तिला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही, एवढं तरी लिहायला हवं होतं की नाही?

ती तशीच मार्गदर्शक सरांकडे गेली. विद्यार्थी त्यांना आपसात इस्त्री म्हणत. त्यांच्या शर्टावर चुणी नसे आणि कुणाच्या आलेखावरही ते ती राहू देत नसत.

"सर, तुटलेले सतराही तुकडे एकाच दोन मीटरच्या थरातले आहेत."

"तुटले ना? मग संपलं. तुटलेल्याचं काय मोजणार?"

"पण तिथे खरंच तडे असतील तर वायू वर येईल. वर वस्ती आहे, सर."

"असतील तर! आत्याबाईला मिशा असत्या तर आपण तिला काका म्हटलं असतं." ते हसले. मग हसू घडी घालून ठेवल्यासारखं गेलं. "हे बघ, वहीत तूच लिहिलंयस, कापणाऱ्याची चूक. सही तुझी. चुकलं कोण, तर एकतर ते नाहीतर तू. त्यांचं नोकरीचं हे शेवटचं वर्ष. त्यांचं काही बिघडत नाही."

तिला ओरडायचं होतं. तोंडातून निघालं ते "बरं, सर." त्या "बरं, सर"चा तिला सरांपेक्षाही जास्त राग आला. चार दिवस तो उतरला नाही. अन्न गोड लागेना, आईचा फोन घ्यावासा वाटेना. दात घासतानासुद्धा ती भांडत होती, कधी सरांशी, बहुतेक वेळा स्वतःशी.

सादरीकरणाला खोली भरली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई पुढच्या रांगेत होत्या, काका शेवटच्या खुर्चीवर. सरांनी प्रस्तावना केली. "एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस तुकड्यांनी वायू धरून ठेवला."

ती उठली. "अठ्ठावन्नपैकी एक्केचाळीस."

परीक्षकबाईंनी मान वर केली. "उरलेले सतरा?"

"मी फेकले. सगळे एकाच थरातले होते. वहीत कापणाऱ्याची चूक असं लिहिलंय, ते खोटं आहे आणि ते मी लिहिलंय. काकांनी मला दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं. मी त्यांचं ऐकलं नाही."

"दमलीये ती," सर घाईघाईने म्हणाले. "पाच वर्षांचा ताण आहे."

"दमले नाही, सर. चिडलेय."

कुणीतरी खोकलं. परीक्षकबाईंनी विचारलं, "मग ते झाकण टिकतं की नाही?"

"माहीत नाही."

"पाच वर्षांनंतर?"

"हो. पाच वर्षांनंतर."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "मग हा प्रबंध आज घेता येणार नाही. त्या थराचं काम करून या." सर तिच्याकडे न बघता कागद गोळा करून निघून गेले, आणि दारात थांबून म्हणाले, "दुसरा मार्गदर्शक शोध."

खोली रिकामी झाली. काका हळूहळू पुढे आले.

"एवढ्या लोकांत माझं नाव कशाला काढलंस?"

"कारण चूक तुमची नव्हती, काका."

"ते मला माहीत होतं गं," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण जबडा घट्ट होता. "तीन वर्षं माहीत होतं."

आणि तिच्या माफीची वाट न बघता ते निघून गेले.