नाट्य नसलेला माणूस

आमचे हे जन्मभर अ‍ॅम्ब्युलन्स चालवून परवा निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मोठे डॉक्टर म्हणाले, "यांचं ड्रायव्हिंग अगदी अनड्रॅमॅटिक!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी निघालो, तेव्हा गाडीत मागे बसलेल्या लेकीला मी अर्थ विचारला.

"ज्यात काही नाट्य नाही असं. साधं, सरळ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे सपक! आणि मी मेली टाळ्या पिटत होते!"

"अगं आई, कशाला म्हटलंय त्यावर असतं. सिनेमाला म्हटलं तर नावं ठेवणं, पण..."

"पण नाही नि बिण नाही! राबलेल्या माणसाला चारचौघांत असं बोलायचं?" मग मी ह्यांच्याकडे वळले. "आणि तुम्ही! तोंडातून ब्र काढला नाहीत. लग्नाची मागणी घातलीत, तीसुद्धा उसनी छत्री परत करायला आल्यासारखी!"

ह्यांची नजर रस्त्यावरच. मी डॉक्टरांचा उद्धार केला, त्यांच्या इंग्रजीचा केला, ह्यांच्या स्वभावाचा तर सविस्तर केला. घशाला कोरड पडली.

"ते काही नाही. गाडी वळवा. आत्ताच्या आत्ता जाब विचारते त्यांना!"

"वळवतो की," हे म्हणाले. "पण आधी घरात जाऊन पाणी पिऊन ये."

मी बाहेर पाहिलं. समोर आमचंच दार होतं. कोपऱ्यावरचे हाडं खिळखिळी करणारे खड्डे कधी मागे पडले आणि गाडी कधी थांबली, मला कळलंच नव्हतं.