मी पुसलेले गाणे

मित्रांनो, मी आवाज टिपणारे एक जुने यंत्र आहे. चांद्याच्या एका शाळेत, नकाशांच्या कपाटात, सध्या माझा मुक्काम असतो. परवा तुमच्यापैकी कुणीतरी मला शिलाई मशीन समजले. त्याचा मला राग नाही. हिरव्या पत्र्याची पेटी आणि वर दोन चाके, एवढ्यावरून कुणाला काय कळणार?

मी परदेशातल्या एका कारखान्यात तयार झालो. तिथले फारसे आठवत नाही. आठवते ते १९५३ सालचे बल्लारशा स्टेशन. तिथे मला बैलगाडीत, तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, जाड गादीवर ठेवले आणि बापूजी देवतळे गाडीमागून पायी निघाले. गोंडपिपरी मागे टाकून आम्ही दोन दिवस जंगलातून चाललो. चाक खड्ड्यात गेले की बापूजी "हळू रे, हळू!" म्हणत माझ्यावर हात ठेवायचे.

बापूजी चांद्याचेच. मुंबईत तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीत त्यांनी वीस वर्षे काढली होती. तिथे गवई यायचा, घड्याळाकडे बघत तीन मिनिटांत गाणे उरकायचा आणि निघून जायचा. बापूजींच्या मनाला ते पटेना. माणसाने आधी चार दिवस राहावे, पोटभर जेवावे, झाडाखाली बसावे आणि गळा आपणहून मोकळा झाला की गावे, असे घर त्यांना हवे होते. लाकडाच्या एका ठेकेदाराने सोडून दिलेला बंगला त्यांना जंगलात मिळाला. त्यांनी भिंतींना बांबूच्या चटया लावल्या, मागे तणस ठासले, दारांवर घोंगड्या टांगल्या. वीज नव्हती. तेलावरचे इंजिन दोनशे पावलांवर नाल्याकाठी बसवले, म्हणजे त्याची धडधड माझ्या कानी येऊ नये. लोक त्या जागेला गाण्याचा बंगला म्हणू लागले.

स्वयंपाक कलाबाई करायची. जवसाची चटणी आणि भात खाऊन नागपूरचे गवई तृप्त व्हायचे. "इथे मला माझाच आवाज पहिल्यांदा ऐकू आला," असे एकाने म्हटले, तेव्हा बापूजींनी माझा पत्रा धोतराच्या सोग्याने पुसला होता. तो माझ्या मानाचा काळ होता.

माझ्या पोटातले एक गुपित तुम्हाला सांगायला हवे. तिथे लोखंडाचे तीन लहान तुकडे आहेत. पहिला पुसतो, दुसरा टिपतो, तिसरा ऐकवतो. नवीन आवाज टिपताना तपकिरी फीत आधी पुसणाऱ्या तुकड्यासमोरून जाते. तिच्यावर आधी काय होते, हे तो तुकडा विचारत नाही.

१९५५ च्या हिवाळ्यात पलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे लहानशा वस्तीवरून, सोमारी आणि तिची लेक बुधरी आल्या. बुधरीचे लग्न ठरले होते. लेक सासरी निघताना गायचे एक लांबलचक गोंडी गाणे त्यांच्या घरी होते. माहेरापासून सासरपर्यंतचा प्रत्येक नाला, प्रत्येक टेकडी त्यात नावाने यायची. बुधरी अर्धा तास गायली. एका टेकडीचे नाव चुकले, तेव्हा सोमारीने तिला थांबवून पुन्हा गायला लावले. मग मी ते गाणे ऐकवले. दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

"हे आमाले घरी नेता येईन का?" सोमारीने विचारले.

"फीत नेता येईन बाई, पण तिथी वाजवाल कशावर?" बापूजी म्हणाले. "इथीच राहू द्या. कधीबी या, मी ऐकवतो."

त्यानंतर दोन वर्षांनी फिती यायच्या बंद झाल्या. परदेशी माल आणायला परवाना मिळेना. बापूजींनी अर्जांवर अर्ज केले. अशातच एका उन्हाळ्यात गोविंदबुवा आले. म्हातारे गवई, गळ्याला दुर्धर रोग. पुढच्या महिन्यात डॉक्टर शस्त्रक्रिया करून त्यांचे स्वरयंत्रच काढणार होते. त्याआधी त्यांना एकदा मनासारखे गायचे होते.

घरात कोरी फीत नव्हती. भरलेल्या फिती ज्यांच्या त्यांच्या घरी गेल्या होत्या. उरली होती ती एकच.

बापूजींनी ती माझ्या चाकावर चढवली, तेव्हा कलाबाई दारात उभी होती. "बापूजी, हे बुधरीचं होय ना?"

"होय. पण बुधरी बावीस वर्षांची आहे, कलाबाई. उद्या बोलावली तर पुन्हा गाईन. बुवांना उद्या नाई."

त्यांनी खटका दाबला. मित्रांनो, मला त्या गाण्यातली प्रत्येक टेकडी पाठ होती. माझे चाक फिरू लागले. एकेक नाला, एकेक टेकडी त्या पहिल्या तुकड्यासमोरून गेली आणि कोरी झाली. बुवा फार सुंदर गायले. ते सगळे मी नीट टिपले. तेवढेच मला येत होते.

पुढच्या उन्हाळ्यात, मोहफुलांचा हंगाम सरल्यावर, सोमारी एकटी आली. मधल्या पावसाळ्यात बुधरी तापाने गेली होती.

"माह्या पोरीचा आवाज आयकाले आली," ती म्हणाली.

बापूजींचा चेहरा उतरला. "यंत्र बिघडलं आहे, बाई," ते म्हणाले.

"मंग दुरुस्त होईस्तोवर बसतो ना मी. घरी कोन आहे आता?"

ती पाच दिवस बसली. अंगण झाडायची, कलाबाईला पाणी भरून द्यायची आणि माझ्याशेजारी येऊन बसायची. एकदा तिने माझ्या पत्र्यावर हात ठेवून हळूच विचारले, "बरं वाटून राह्यलं का रे तुले?" मी ठणठणीत होतो.

पाचव्या दिवशी कलाबाईने परात खाली ठेवली. "तुमी सांगता का मी सांगू?"

बापूजींनी सांगितले. सगळे सांगितले, मान खाली घालून. सोमारीने माझ्या चाकांकडे पाहिले. मग म्हणाली, "लावा. त्याच्यावर काय आहे ते तं आयकू द्या."

इंजिन सुरू झाले. तिने बुवांचे गाणे शेवटपर्यंत ऐकले. फीत संपून तिचे टोक फडफडू लागले, तरी ती हलली नाही. कुठेतरी एखादा शब्द उरला असेल असे तिला वाटले असावे. काही उरले नव्हते. मी काम चोख केले होते.

"चांगला गाते," ती म्हणाली. "आता याले गाता येते?"

"नाई. आवाज गेला त्यांचा."

बापूजींनी फीत पुन्हा मागे फिरवली. "बाई, ते गाणं तुमाले येते. तुमी गा. मी हे पुसतो."

त्यांचे बोट खटक्यावर होते. त्यांनी दाबले असते तर मी तेही पुसले असते.

सोमारीने त्यांचा हात बाजूला केला. "नोको. एक पुसलं ते पुसलं. याच्या घरचं कोनी आयकाले येईन, तवा काय सांगसान त्याले?"

मग इंजिन बंद झाले. ओसरीच्या पायरीवर बसून तिने ते गाणे सुरुवातीपासून म्हटले, जंगलाकडे तोंड करून. मी खोलीत उघडा पडलो होतो, थंड. चाके रिकामी होती. एकेक नाला माझ्यासमोरून गेला आणि एकही मला धरता आला नाही. गाणे संपल्यावर तिने पदर सारखा केला, कलाबाईचा निरोप घेतला आणि ती वाटेला लागली. पुन्हा ती कधी आली नाही.

बुवांची फीत बापूजींनी स्वतः त्यांच्या मुलीकडे पोचवली. त्यानंतर त्यांनी इंजिन सुरू केले नाही. पुढच्या वर्षी बंगला बंद झाला आणि मी तुमच्या शाळेत आलो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा किंवा राहू द्या. पण तुमच्या घरी आई, आजी दळताना, निवडताना काही गुणगुणत असेल, तर तिच्याजवळ जाऊन बसा. "उद्या ऐकू" असे म्हणू नका. बापूजी वाईट नव्हते. तेही "उद्या" असेच म्हणाले होते.